बोन स्कॅनला घाबरताय?

धंतोली म्हणजे नागपूरचं दवाखान्यांचं गाव. वर्धा, यवतमाळ, गडचिरोली, कुठूनकुठून बायका फाइलींची पिशवी छातीशी धरून इथे येतात. स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेलं असतं आणि डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात, ‘बोन स्कॅन’. ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द ऐकूनच धस्स होतं. मशीनमुळे काही होईल का? लेकरांना जवळ घ्यायचं की नाही?

मैत्रिणींनो, हे मशीन, म्हणजे गॅमा कॅमेरा, आपल्यावर किरण सोडतच नाही. ते फक्त बघतं. किरण निघतात ते शिरेतून टोचलेल्या टेक्नेशियमच्या औषधातून. हाड जिथे नव्याने घडत असतं, तिथे हे औषध जास्त साठतं. त्याच्या अणुकेंद्रकातून गॅमा किरणांचे फोटॉन बाहेर पडतात. कॅमेऱ्यातली शिशाची जाळी तिरपे येणारे फोटॉन अडवते, सरळ येणारे आत सोडते. मागे सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. फोटॉन आदळला की त्यात क्षणभर उजेड चमकतो आणि कॉम्प्युटर एक ठिपका मांडतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं सांगाड्याचं चित्र तयार होतं.

स्फटिकाचा हा गुण १९४८ साली रॉबर्ट हॉफस्टॅटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवला. पुढे अणुकेंद्रकाच्या अभ्यासासाठीच त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. केंद्रकावर फोटॉनचा झोत सोडून, भोवती डिटेक्टर मांडून बाहेर येणारे फोटॉन टिपायचे, असे प्रयोग आजही होतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही केंद्रकातून निघणारे गॅमा किरण टिपायला जर्मेनियमचे डिटेक्टर मांडले गेले. ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवावे लागतात. प्रयोगशाळेतला हा डोळाच दवाखान्यात आला.

टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. बरंचसं औषध लघवीवाटे जातं, म्हणून डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबावं लागतं, तेव्हा गावाकडच्या गाडीची वेळ बघूनच निघा. पाळी चुकली असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा, लाजू नका. तान्ह्या बाळाला त्या दिवशी फार वेळ कुशीत घेऊ नका.

रिपोर्टमधला प्रत्येक काळा डाग कॅन्सरचा नसतो. संधिवात, जुनं फ्रॅक्चर यांनीही डाग दिसतो. कधी घसरून पडला असाल, तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.