मेणापासून डिझेल : स्वच्छ इंधनाचा हिशेब

मेण म्हटले की मेणबत्ती आठवते. कारखान्यात घडविलेल्या मेणापासून मात्र मोटारींचे आणि विमानांचे इंधन काढले जाते. या विद्येचा उगम जर्मनीतला. कोळसा मुबलक, खनिज तेल नाममात्र, अशा त्या देशात फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास म्युलहाइम येथे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन या वायूंपासून द्रव इंधन करण्याची रीत शोधली.

या रीतीत कार्बनचे अणू एकास एक जोडले जाऊन साखळी वाढत जाते. पण ती डिझेलच्याच लांबीवर थांबवता येत नाही. आखूड ठेवू पाहावे तर निरुपयोगी वायू फार होतो. म्हणून साखळ्या मुद्दाम लांबू द्यायच्या, त्यांचे मेण होऊ द्यायचे आणि मग ते तोडायचे. मलेशियातील बिंटुलू येथे शेल कंपनीचा नैसर्गिक वायूवरील कारखाना १९९३ पासून हेच करीत आला आहे.

तोडण्याचे काम हायड्रोजनच्या दाबाखाली, सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला, दुहेरी उत्प्रेरकावर होते. प्लॅटिनमसारखा धातू रेणूतील थोडा हायड्रोजन काढून घेतो. आम्लधर्मी आधार त्या रेणूला फांदी फोडतो आणि त्याचे तुकडे करतो. मग धातूच त्या तुकड्यांना हायड्रोजन परत देतो. लांब रेणू उत्प्रेरकाला अधिक चिकटतात, त्यामुळे आधी तेच तुटतात. फांदीचे महत्त्व थंडीत कळते: सरळ साखळ्यांचे डिझेल गोठू लागते, फांद्यांचे वाहते राहते.

या डिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतो. यात हवेच्या काळजीपेक्षा उत्प्रेरकाची काळजी अधिक आहे. गंधक त्याला विषासारखा, म्हणून तो वायूतूनच आधी काढावा लागतो.

येथे इतिहासाच्या शिक्षकाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे: स्वच्छ, पण कोठे? दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाच्या राजवटीत १९५५ मध्ये सासोलबर्गला कोळशापासून इंधन काढण्यास आरंभ केला. १९७३ च्या तेलसंकटानंतर सेकुंडाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. सेकुंडाला मेण फारसे बनत नाही, परंतु मूळ रीत तीच. आज ते ठिकाण जगातील कार्बन डायऑक्साइडच्या सर्वांत मोठ्या एकस्थानी स्रोतांत गणले जाते. गाडीच्या धुराड्यातून वाचलेली काजळी पाहताना खाणीजवळच्या वस्तीवरचा धूर हिशेबातून सुटतो.

हेच मेण शेतातील काडीकचऱ्यापासून, किंवा पाण्यातून विजेने वेगळा केलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासूनही करता येते. तोडणारे पात्र तसेच राहते; वीज मात्र अफाट लागते, आणि ती कोळशाची असेल तर हिशेब पुन्हा खाणीपाशीच येतो.