मराठी अंक, इंग्रजी अंक आणि स्मृतिविस्तार : पदवीस्तरावरील संशोधनासाठी एक प्रयोग

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प हाती घेता येतो. मानसशास्त्र विभागांत अशा प्रकल्पाची एक ठरावीक वाट आहे. परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करावयाचे, शंभरेक विद्यार्थ्यांकडून ती भरून घ्यावयाची आणि मुलगे व मुली यांच्या सरासरीतील फरक तपासावयाचा. यात आकडेमोड होते. परंतु मानवी बोधनप्रक्रियेविषयी एखादा प्रश्न विचारला जातोच असे नाही. त्याऐवजी प्रात्यक्षिक वहीतील जुनाच एक प्रयोग पुन्हा पाहण्यासारखा आहे.

अंक-स्मृतिविस्ताराचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थी करतो. अंकांची मालिका एकदा सादर करावयाची, प्रयुक्ताने ती त्याच क्रमाने सांगावयाची आणि मालिका एकेका अंकाने वाढवीत न्यावयाची. निष्कर्षात जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातील ‘सात अधिक-उणे दोन’ हा आकडा लिहिला की वही पूर्ण होते. तथापि हा आकडा स्थिर नाही. ॲलन बॅडली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखविले की, उच्चारास अधिक वेळ लागणारे शब्द कमी संख्येने लक्षात राहतात. सुमारे दोन सेकंदांत जेवढे उच्चारता येईल, साधारण तेवढेच स्मृतीत टिकते. अल्पकालीन स्मृतीत आपण अंक मनातल्या मनात घोकत असतो. घोकण्यास वेळ लागला की आधीचे पुसट होते.

यातून पुढे आलेला एक प्रश्न महाराष्ट्राला जवळचा आहे. वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन कसोटीत वेल्श मुलांचे अंक-स्मृतिविस्ताराचे प्रमाणांक अमेरिकी मुलांपेक्षा कमी होते. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा जाणणाऱ्या प्रयुक्तांवर प्रयोग केले. वेल्श अंक उच्चारण्यास जास्त वेळ लागत होता आणि त्याच व्यक्तींचा स्मृतिविस्तार वेल्शमध्ये इंग्रजीपेक्षा कमी भरत होता. प्रयुक्तांचे तोंड दुसऱ्याच उच्चारात गुंतविले, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. उणीव मुलांच्या बुद्धीत नव्हती. अंकांच्या नावांच्या लांबीत होती. अध्ययन-अक्षमतेचे मूल्यमापन करताना ही उपकसोटी वापरली जाते, हे लक्षात घेता मराठी बोलणाऱ्या मुलाला अंक कोणत्या भाषेत सांगितले आणि तुलनेचे प्रमाणांक कोणत्या भाषेतले, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

मराठीत काय आढळेल, याचा अंदाज सहज बांधता येत नाही. एक ते नऊ या अंकांपैकी मराठीत ‘सहा’ आणि ‘नऊ’ ही दोन नावे द्विअवयवी आहेत, तर इंग्रजीत ‘सेव्हन’ हे एकच. फरक एवढाच. शिवाय मराठी घरातील पुष्कळ तरुण दूरध्वनी क्रमांक इंग्रजीतच सांगतात. त्यामुळे उच्चारकाळ आणि सराव हे दोन परिवर्तक एकमेकांत गुंततात. ते वेगळे करणे हाच विद्यार्थ्याच्या कामाचा गाभा होय. प्रत्येक प्रयुक्ताकडून अंकांची एक लांब यादी दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून घ्यावी व लागलेला वेळ नोंदवावा. दैनंदिन वापराची भाषा स्वतंत्रपणे विचारावी. निम्म्या प्रयुक्तांना मराठी आधी व निम्म्यांना इंग्रजी आधी द्यावी. अंक पडद्यावर दाखवायचे तर एक अडचण येते : देवनागरी ‘४’ आणि रोमन लिपीतील चारचे चिन्ह सारख्याच परिचयाचे नसते. म्हणून दोन्ही वेळा चिन्ह एकच ठेवून वाचनाची भाषा तेवढी बदलावी. तिसऱ्या टप्प्यात प्रयुक्ताने मालिका पाहताना आणि उत्तर लिहितानाही ‘चहा, चहा’ असे अखंड म्हणत राहावे. भाषांमधील फरक घोकण्यामुळे असेल तर तो येथे मावळला पाहिजे. मावळला नाही तर स्पष्टीकरण अन्यत्र शोधावे लागेल.

एकाच व्यक्तीची दोन्ही भाषांत तुलना होत असल्याने व्यक्तिभेदांचा गोंगाट कमी होतो आणि लहान नमुन्याची ताकद वाढते. तरीही प्रयुक्तांची संख्या व विश्लेषणाची रीत आधीच लिहून ठेवावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. ‘फरक आढळला नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापण्याची सवय मार्गदर्शकांनी सोडली, तर या प्रकल्पांना काही अर्थ येईल. आपल्याच वर्गातील विद्यार्थी प्रयुक्त म्हणून घेताना त्यांची संमती खरोखर मोकळी आहे काय, हेही पाहिले पाहिजे. गुण देणाऱ्या शिक्षकासमोर नकार देणे अवघड असते.

दोन-अंकी संख्या हे याहून अवघड, पण अधिक अस्सल मराठी क्षेत्र आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा धाटणीचे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर वाद झाला. वादात भाषाप्रेम पुष्कळ होते, मोजमाप अगदी थोडे. जर्मनमध्येही मराठीप्रमाणे एकक आधी बोलला जातो. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी सुमारे निम्म्या चुका या उलट्या क्रमाशी निगडित होत्या. मराठीत त्याखेरीज ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ ही पुढच्या दशकावरून मागे मोजणारी नावे आहेत, जी जर्मनमध्ये नाहीत. ‘एकोणसाठ’ ऐकून ५९ लिहिण्यास प्रौढ मराठी भाषकाला ‘अठ्ठावन्न’पेक्षा किती जास्त वेळ लागतो, हे मोजण्यास एक संगणक, ध्वनिमुद्रित संख्या आणि एका सत्राची चिकाटी पुरेशी आहे.