मस्टँगला नव्हतं, ते रिक्षाला होतं!

खामगावच्या बसस्टँडबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही रिक्षाच्या मागे जा आणि वाकून खाली बघा. रिक्षावाल्याला आधी सांगा, नाहीतर तो तुम्हाला फायनान्सचा माणूस समजेल. इंजिन आणि गिअरबॉक्स मागेच, एकाच गठ्ठ्यात. त्यातून दोन्ही बाजूंना निघालेले दोन आखूड शाफ्ट, तेलकट धुळीने माखलेले रबरी बूट, आणि प्रत्येक चाकाला आपापला लोखंडी हात, आपापली स्प्रिंग. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजवं आपल्या जागी. या रचनेला ‘इंडिपेन्डन्ट रिअर सस्पेन्शन’ म्हणतात. अमेरिकेत १९६९ सालची फोर्ड मस्टँग जिवापाड जपणारे हौशी लोक हीच गोष्ट गाडीखाली बसवायला हजारो डॉलर मोजतात. आपल्याकडे ती वाळूजहून बजाजच्या आणि बारामतीहून पियाजिओच्या तीनचाकीखाली आयती येते, वर मीटरही मिळतं. (मीटर चालतं की नाही, हा वेगळा विषय.)

सात लिटरची ताकद, मागे मात्र पाटे

‘मसल कार’ म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य व्ही-८ इंजिन कोंबायचं आणि सिग्नल सुटला की टायरचा धूर काढायचा. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून ही हवा सुरू झाली असं सगळे मानतात; तिचं इंजिन ६.४ लिटरचं. त्याच वर्षी १७ एप्रिलला मस्टँग आली. १९६९ मध्ये ‘बॉस ४२९’ नावाची मस्टँग निघाली, तिचं इंजिन तब्बल ७ लिटरचं. एवढा बडेजाव, आणि मागे काय? दोन्ही चाकांना जोडणारा एक अखंड एक्सल, मधोमध डिफरन्शियलचा गोळा आणि दोन बाजूंना कमानपाटे. म्हणजे मागच्या बाजूने खाली वाकून पाहिलं तर मस्टँग आणि अँबेसेडर चुलत बहिणी. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचंही तेच.

अखंड एक्सलची खोड समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कपाशीच्या वावरातून बंडी निघाली आणि एक चाक दगडावर चढलं, की सगळी बंडी कलते, कारण दोन्ही चाकं एकाच आसावर. मस्टँगचंही असंच होतं. फरक एवढाच, की बंडी बैलाच्या चालीने जाते आणि मस्टँग ताशी १५० किलोमीटरने. दुसरी अडचण वजनाची. एक्सल, डिफरन्शियल, ब्रेक, चाकं हे सगळं धूड स्प्रिंगच्या खाली लोंबतं आणि प्रत्येक गचक्याला वरखाली नाचतं. नाचणारं वजन जितकं जास्त, तितकं टायरला रस्ता धरून ठेवणं अवघड. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्यालाच आवळलेलं असतं. नाचतात ती फक्त चाकं आणि त्यांचे हात.

फोर्डला हे कळत नव्हतं असं नाही. साठच्या दशकातच त्यांच्या अभियंत्यांनी मस्टँगसाठी स्वतंत्र मागचं सस्पेन्शन तयार करून तपासलं होतं, पण ते विक्रीच्या गाडीपर्यंत पोचलंच नाही. पैसा वाचवायचा होता, आणि गिऱ्हाईक तर इंजिनाच्या आवाजावरच खूश! १९९९ मध्ये ‘कोब्रा’ नावाच्या खास मस्टँगला ते मिळालं आणि सरसकट सगळ्या मस्टँगना मिळायला २०१५ उजाडलं. पहिल्या गाडीनंतर ५१ वर्षांनी! भारतात मस्टँग अधिकृतपणे आली ती २०१६ मध्ये, त्यामुळे आपल्याला निदान सुधारलेलीच मिळाली.

बसवायचं कसं?

जुन्या मस्टँगला स्वतंत्र सस्पेन्शन द्यायचं, तर आधी जुना एक्सल पाट्यांसकट खाली उतरवायचा. त्याच्या जागी एक लोखंडी चौकट, म्हणजे सबफ्रेम, सांगाड्याला बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडायची. तिच्या पोटात डिफरन्शियल, दोन्ही बाजूंना हात, स्प्रिंगसकट शॉकॲब आणि सीव्ही जॉइंटवाले दोन शाफ्ट. ऐकायला सोपं. मग कळतं की सायलेन्सरचा पाइप आता नेमका चौकटीतून जाऊ पाहतोय, हँडब्रेकची केबल चार बोटं कमी पडतेय, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतोय आणि दोन चाकांमधलं अंतर बदलल्यामुळे टायर मडगार्डला घासतोय. त्यात डिफरन्शियलचा कोन गिअरबॉक्सशी जुळला नाही तर गाडी ठरावीक वेगाला अशी थरथरते, की आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसतो. आणखी एक गंमत म्हणजे एवढं करून गाडीचं एकूण वजन बऱ्याचदा वाढतंच. कमी होतं ते फक्त नाचणारं वजन.

हौशी लोकांचा जुना लाडका माल म्हणजे जग्वारचा. १९६१ च्या ‘ई-टाइप’ जग्वारखाली जे मागचं सस्पेन्शन होतं, ते चौकटीसकट अख्खंच्या अख्खं काढता येतं. एका चाकाला दोन, अशा एकूण चार स्प्रिंगा. दिसायला इतकं देखणं की लोकांनी ते क्रोम करून हॉट रॉडच्या मागे उघडं ठेवलं, लग्नातल्या बँडवाल्याच्या ट्रम्पेटसारखं चकचकीत. मात्र ब्रेक चाकाजवळ नसून आत, डिफरन्शियलला चिकटून. ब्रेक तापले की शेजारच्या ऑइल सीलला चटका बसतो आणि पॅड बदलायचे तर मेकॅनिकला गाडीखाली आडवं होऊन जग्वारच्या इंजिनिअरांच्या नावाने मंत्रपुष्पांजली म्हणावी लागते.

पाटा आडवा लावला तर?

१९६३ च्या कॉर्व्हेट स्टिंग रे या अमेरिकन गाडीने स्वतंत्र सस्पेन्शनही आणलं आणि पाटाही सोडला नाही. नऊ पानांचा एकच पाटा गाडीखाली आडवा टाकला, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत. पुढे तो फायबरग्लासचा झाला आणि २०१९ पर्यंत कॉर्व्हेटच्या खाली टिकला. तेव्हा ‘पाटे म्हणजे मागासलेलं’ असं कुणी म्हणालं तर त्याला कॉर्व्हेट दाखवा.

भारताने उलटा गिअर टाकला

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारा किस्सा मद्रासचा. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी तिथे १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ बनवत होती. मूळची ही ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड. मागे स्वतंत्र सस्पेन्शन, तेही आडव्या पाट्याचं. म्हणजे ज्या काळात अमेरिकेतल्या धिप्पाड गाड्यांना हे मिळत नव्हतं, त्या काळात ९४८ सीसीची ही चिमणी भारतात मागची चाकं स्वतंत्र हलवत फिरत होती! तिची दुसरी करामत म्हणजे अवघ्या २५ फुटांत गोल वळायची. चिखलीच्या बाजारगल्लीत आजही हेवा वाटावा अशी गोष्ट.

पण तिचं सस्पेन्शन ‘स्विंग ॲक्सल’ जातीचं होतं. १९०३ मध्ये एडमंड रुम्पलरने पेटंट घेतलेली ही जुनी युक्ती. शाफ्ट फक्त डिफरन्शियलपाशी वाकतो, चाकापाशी नाही. त्यामुळे वळणावर मागची बाजू उचलली गेली की चाक पोटाखाली दुमडतं आणि टायर कडेवर उभा राहतो. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या याच दुखण्यावर राल्फ नेडरने १९६५ मध्ये पुस्तक लिहून कंपनीला घाम फोडला. आपल्याकडे पुस्तक-बिस्तक कुणी लिहिलं नाही. भारतीय गाडीवाल्यांना आणि मेकॅनिकांना हे स्विंग ॲक्सलचं प्रकरण रुचलं नाही, एवढं पुरलं. सत्तरच्या दशकात त्याच हेराल्डवरून ‘स्टँडर्ड गॅझेल’ आली, तेव्हा कंपनीने मुकाट्याने मागे अखंड एक्सल बसवला. जग एक्सल काढून स्वतंत्र सस्पेन्शन बसवत होतं, आपण स्वतंत्र काढून एक्सल बसवला.

याला कुणी अडाणीपणा म्हणेल, मी नाही म्हणणार. मेहकरच्या पुढे आडरस्त्यावर पाटा तुटला तर गावातला लोहार किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा गाडी चालती करून देतो. स्विंग ॲक्सलचा जॉइंट निखळला असता तर मद्रासला पत्र टाकावं लागलं असतं.

म्हणून बोलेरो

बुलढाणा जिल्ह्यात लग्नाची वऱ्हाडं, सरपंच आणि सोयाबीनची पोती या तिघांनाही एकच गाडी चालते. २००० साली आलेली, नाशिकला बनणारी महिंद्रा बोलेरो. मागे आजही पाटे. टाटांच्या ‘छोटा हत्ती’ला, म्हणजे २००५ च्या एसला, तर पुढेही पाटे आणि मागेही पाटे. ओझं वाढलं की पाटा सरळ होत जातो, कुरकुरतो, पण झेपवतो. राजूर घाटातून बुलढाण्याला चढताना मागच्या बाकावर बसलेल्याच्या कमरेचं काय होतं, ते पाटा बनवणाऱ्याने विचारात घेतलेलं नसतं.

महाराष्ट्राने दुसरी बाजूही पाहिली आहे. १९९८ ची पुण्याची टाटा इंडिका मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग घेऊन आली; म्हणजे आपली ती डिझेलची, टॅक्सीवाल्यांची इंडिका सस्पेन्शनच्या हिशेबात त्या वेळच्या बहुतेक मस्टँगपेक्षा पुढे! टाटांची नॅनोही तशीच. २०११ मध्ये चाकणहून निघालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० ला मल्टीलिंक स्वतंत्र सस्पेन्शन होतं.

आपली मसल कार

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. लांब बॉनेट, चपटं नाक, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी, दिसायला तोऱ्याची. व्हॉक्सहॉलच्या जुन्या मॉडेलवरून १९८४ मध्ये आली. सुरुवातीला या धिप्पाड देहात इंजिन होतं अँबेसेडरचं, १४८९ सीसी. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं बसलं तेव्हा कुठे चेहऱ्याला शोभेल अशी पळू लागली. मागचा एक्सल अर्थात अखंड. जुन्या कॉन्टेसा हुडकून त्यांना सजवणारे हौशी आज महाराष्ट्रात बरेच आहेत.

ट्रॅक्टरला मागे सस्पेन्शनच नसतं

पाटा की कॉइल, हा वादच इथे नाही; मागच्या चाकांना एकही स्प्रिंग नाही. मागचा एक्सल थेट सांगाड्याला आवळलेला. जे काही सोसायचं ते टायरातल्या हवेने आणि सीटखालच्या स्प्रिंगने. पुढचा एक्सल मात्र मधोमध एका पिनवर डुलतो, म्हणून सरीवरंब्यातही चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात.

पाटा मरत नाही

ट्रकचा पाटा तुटला की भंगारात जातो आणि तिथून घिसाड्याच्या भट्टीत. विळा, कोयता, कुऱ्हाड करायला त्याला तेच लोखंड हवं असतं, कारण पाट्याचं पोलाद वाकून परत सरळ होण्यासाठीच घडवलेलं असतं. लाल करून, ठोकून, पाण्यात किंवा तेलात विझवून त्याला पाणी चढवलं की धार दीर्घकाळ टिकते. बाजारात कोयता घेताना जाणता शेतकरी तो वाजवून बघतो आणि विचारतो, “पाट्याचा हाय ना?” एवढी इज्जत कॉइल स्प्रिंगला कधी मिळायची नाही.

ज्यांना मिळालं, त्यांनी काढून टाकलं

१९९९ ची कोब्रा ज्यांनी हौसेने घेतली, त्यांतल्या ड्रॅग रेसवाल्यांनी काय केलं असेल? स्वतंत्र सस्पेन्शन उतरवलं आणि जुना अखंड एक्सल परत चढवला! फोर्डने नवी चौकट जुन्याच बोल्टच्या जागांवर बसेल अशी आखली होती, त्यामुळे उलटा प्रवासही सोपा. ४०२ मीटर सरळ धावायचं, वळण एकही नाही, आणि सुटताना सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर. अशा वेळी स्वतंत्र सस्पेन्शनवाली चाकं रस्त्यावर टपाटप उड्या मारतात, शाफ्ट तुटतात. अखंड एक्सल मख्खपणे ढकलत राहतो. शंकरपटात दमणी कुणी जुंपत नाही, हलका छकडाच लागतो, तसला हा हिशेब.

आता कायद्याचं

समजा, एमएच-२८ म्हणजे बुलढाण्याच्या पट्ट्यात कुणाच्या गोठ्यात खरोखरच जुनी मस्टँग निघाली, तर सरळ स्पॅनर उचलू नका. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, तिचा नंबरही वेगळा, त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. अट अशी, की गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. मागे नवं सस्पेन्शन बसवलं की ‘मूळ स्वरूप’ गेलं, आणि विंटेजचा मान बहुधा त्याच्यासोबत.

साध्या नोंदणीवरच ठेवू म्हटलं तर जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवा येतो. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत कायदा परवानगी देतो त्यापलीकडे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, हे नीट वाचा. सबफ्रेम, डिफरन्शियल, दोन शाफ्ट, चार हात, ब्रेक, सायलेन्सरचा पाइप. हा एकच बदल धरायचा की दहा, हे आरटीओतले साहेब त्या दिवशी कोणत्या मूडमध्ये आहेत त्यावर.