शिकाऊ डॉक्टर आणि दुर्बीण

“डॉक्टरसाहेब, दुर्बीण एखाद्या शिकाऊ पोराच्या हातात तर देणार नाहीत ना?” एका निवृत्त गुरुजींनी मला विचारले. शौचावाटे रक्त जात होते, मूळव्याध समजून त्यांनी वर्षभर घरगुती काढे घेतले. वय साठीच्या पुढचे. अशा वयात रक्त म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालत नाही. म्हणून मी त्यांना मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीसाठी शहरातल्या शिकवणाऱ्या रुग्णालयात पाठवत होतो.

प्रश्न रास्त होता. आम्ही शिकत होतो तेव्हा वहीत फक्त आकडे भरायचे. आकडा पुरा झाला की सही, आणि गडी तयार! माझ्या वहीतल्या कित्येक तपासण्यांत नळी अर्ध्यावरच अडली होती. त्याही मोजल्या गेल्या.

ब्रिटनमध्ये 2004 साली नऊ हजारांहून अधिक तपासण्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. नळी मोठ्या आतड्याच्या पार टोकाला, म्हणजे उंडुकापर्यंत, पोचल्याची नोंद सुमारे 77 टक्के तपासण्यांत होती. काटेकोर निकष लावले, तेव्हा आकडा 57 वर आला! आता तिथे ज्येष्ठ डॉक्टर शेजारी उभे राहून शिकाऊ डॉक्टरांचा हात पाहतात व पायरीपायरीने शेरे देतात.

काय पाहतात? नळी पुढे ढकलणे कुणालाही जमते. पण आतडे वळणावळणाचे असल्याने नळीला आत वेटोळे पडते, आतडे ताणले जाते आणि रुग्ण कळवळतो. नवखा आणखी जोर लावतो. जाणता नळी मागे घेतो, वेटोळे सोडवतो, मगच पुढे जातो. हे वहीतल्या आकड्यात दिसत नाही. शंभरांतल्या नव्वद वेळा उंडुक गाठता यायला हवे, असा दंडक आहे. ब्रिटनमधल्याच शिकाऊ डॉक्टरांच्या नोंदी 2014 साली अभ्यासल्या, तेव्हा तिथवर यायला सरासरी 230च्या वर तपासण्या लागल्याचे आढळले. कुणाला कमी लागतात, कुणाला पुष्कळ जास्त.

आणि टोक गाठले म्हणजे काम संपले नाही. मस्यासारख्या वाढी, ज्यांना पॉलिप म्हणतात, त्या मुख्यतः नळी बाहेर काढताना शोधायच्या असतात. त्यासाठी निदान सहा मिनिटे तरी द्यावीत, असे मानतात. घाई करणाऱ्याच्या नजरेतून त्या निसटतात, आणि त्यांतल्या काहींचाच पुढे कर्करोग होतो.

गुरुजींना म्हटले, “शिकाऊ असेलही. मागे कोण उभे राहणार, ते विचारा. उंडुकाचा फोटो कागदांत आहे का, तेही पाहा.”

पंधरा दिवसांनी ते कागद घेऊन आले. उंडुकाचा फोटो होता. एक पॉलिप काढून तपासायला पाठवला होता.

“पोरगीच होती हो,” गुरुजी म्हणाले. “गुंगीत होतो, तरी ऐकू येत होते. सरांनी तिला दोनदा नळी मागे घ्यायला लावली.”