बोटीचं इंजिन तापलं तर

बोटीच्या डिझेल इंजिनला ट्रॅक्टरसारखा वाऱ्यावर थंड होणारा रेडिएटर बहुधा नसतो; ते बाहेरचं पाणी ओढून थंड होतं. म्हणून नाशिकच्या गंगापूर धरणात बोट चालवताना तापमानाच्या काट्याइतकीच नजर मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवरही ठेवावी. काटा चढला आणि धार आटली, तर इंजिन लगेच बंद करा. गोदावरीच्या पात्रात जलपर्णी तर पाचवीलाच पुजलेली. तिची केसाळ मुळं आत येणाऱ्या पाण्याच्या गाळणीत गच्च बसतात. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मग गाळणी उघडा. ती स्वच्छ निघाली, तर पंपातला रबरी पंखा पाहा. कोरडा फिरला की त्याची पाती तुटतात आणि तुकडे पुढे नळीत अडकतात. ते सगळे सापडल्याशिवाय नवा पंखा बसवू नका. आणि इंजिनात कूलंटही असेल, तर इंजिन गरम असताना त्याचं झाकण कधीही उघडू नका.