घरच्या संगणकावर खेळाचें यजमानपण

मुलांचा खेळ ही आतां केवळ अंगणांतली गोष्ट राहिलेली नाहीं. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा मुलगा, डोंबिवलीची त्याची मामेबहीण आणि कल्याणचा त्याचा सोबती हीं तिघें आपापल्या घरीं बसून एकाच वेळीं एकाच खेळांत वावरतात. मग तो खेळ घडतो कोठें? बहुधा तिघांपैकीं कोणाच्याच घरीं नाहीं. तो दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकावर चालतो, आणि तेथील दार बंद झालें कीं डाव मोडतो. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें पब्जी मोबाइल ह्या खेळावर बंदी घातली व त्याच वर्षीं ३० ऑक्टोबरला त्याची येथील सेवा थांबली, तेव्हां हा अनुभव पुष्कळ घरांनीं घेतला.

यजमानपण आपल्याच घरीं आणणें मात्र अवघड नाहीं. त्यासाठीं मुक्त आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्यांची घडण सर्वांना पाहतां येते आणि त्या चालविण्यास मोल पडत नाहीं. ‘लुआंटी’ हें त्यांतलें एक चांगलें उदाहरण. फिनलंडच्या पेर्टू अहोला ह्यांनीं २०१० सालीं तिचा आरंभ केला. तिचें पूर्वींचें नांव ‘माइनटेस्ट’. २०२४ च्या ऑक्टोबरांत तें बदललें. माती, दगड, लाकूड ह्यांच्या ठोकळ्यांचें एक विस्तीर्ण जग तींत उभें राहतें. मुलें तेथें खणतात, घरें बांधतात, गड रचतात.

यजमान संगणकाचें काम पंचाचें आणि कारकुनाचें असतें. चित्र प्रत्येकाच्या यंत्रावर दिसतें; खरी वही मात्र यजमानाजवळ राहते. डोंबिवलीच्या मुलीनें एक दगड काढला कीं तसा निरोप यजमानाकडे जातो. तिला तो अधिकार आहे कीं नाहीं हें पाहून यजमान नोंद करतो व इतरांस कळवितो. हा फेरा साधारण ०.०९ सेकंदास एकदां, म्हणजे सेकंदांत सुमारें अकरा वेळां होतो.

चार-पांच मुलांपुरता एखादा जुना संगणकहि पुरतो. त्यावर डेबियनसारखी लिनक्स प्रणाली घालावी व तिच्याच भांडारांतून लुआंटीचा यजमान-भाग घ्यावा. मग मांडणीच्या फाइलींत व्यवस्थापकाचें नांव व खेळाडूंची मर्यादा लिहावी, परवलीच्या शब्दावांचून कोणास प्रवेश नसावा अशी नोंद करावी, आणि सार्वजनिक यादींत आपला पत्ता जाहीर करूं नये. एवढ्यानें घरांतल्या घरांत खेळ सुरू होतो.

खरी अडचण उंबरठ्याबाहेर आहे. इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे जणूं इमारतीचा पत्ता, आणि पोर्ट म्हणजे खोलीचा क्रमांक. लुआंटीची खोली ३०००० ही ठरलेली आहे. ह्या क्रमांकास आलेले यूडीपी निरोप यजमान संगणकाकडे पोंचवावे, असें राउटरला सांगावें लागतें. परंतु जुन्या पद्धतीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक सांठा फेब्रुवारी २०११ मध्येंच वांटून संपला. म्हणून कित्येक कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पत्ता देतात. अशा वाडींत आपण पाठविलेल्या पत्राचें उत्तर परत येतें, पण आपण होऊन आलेला पाहुणा कोणाकडचा हें दारवानास उमगत नाहीं. त्यावर उपाय तीन: नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा पत्ता वापरणें, कंपनीकडून पैसे देऊन स्थिर पत्ता घेणें, किंवा मुंबईंतील एखादें लहान यंत्र भाड्यानें घेऊन त्यावर खेळ ठेवणें.

जवळच्या यजमानाचा लाभ मोठा आहे. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर. म्हणजे तेथवर जाऊन येण्यास किमान ३९ सहस्रांश सेकंद हवेत. ठाणें-कल्याण हें अंतर वीस किलोमीटरांच्या आसपास. दोन घरांच्या कंपन्या निराळ्या असल्या तर निरोपास बहुधा मुंबईचा वळसा पडतो, तरीहि तो वेळ फार थोडा.

परंतु यजमानपण घेतलें म्हणजे जबाबदारीहि आली. लिहितां लिहितां वीज गेली तर वही बिघडूं शकते. म्हणून यंत्राला व राउटरला बॅटरीचा आधार द्यावा आणि दर आठवड्यास यजमान थांबवून जगाची प्रत निराळ्या ठिकाणीं ठेवावी. आज्ञावली वेळोवेळीं अद्ययावत करावी व ती संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यावरून कधींहि चालवूं नये. दाराची किल्ली कोणास द्यावी, दुसऱ्याचें घर पाडणाऱ्यास काय शासन करावें, हेंहि आतां घरच्यांनींच ठरवावयाचें. परक्या कंपनीच्या खेळांत हे नियम मुलांना आयते मिळतात. येथें तीं ते स्वतः करतात, मोडतात, त्यावरून भांडतात आणि पुन्हां करतात. वडीलधाऱ्यांनीं ह्या यजमानपणांत थोडें लक्ष घातलें तर मुलें कोणाबरोबर खेळतात हें त्यांस विचारावें लागणार नाहीं. पाहुण्यांची नोंदवही त्यांच्याच घरीं असेल.