बाटलीच्या परतीची वाट

१ जून २००८ च्या रात्री नवी मुंबईतल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना रंगला आणि राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवले. सामना संपल्यावर खुर्च्यांखाली उरलेल्या ग्लास-बाटल्यांचे पुढे काय होते, हे विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. कायद्यालाही त्याची फारशी फिकीर नव्हती. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात तुंबलेल्या गटारांनी राज्याचे डोळे उघडले होते, पण त्यानंतर आलेल्या २००६ च्या नियमांचा रोख मुख्यतः पातळ पिशव्यांवर होता.

मैदानांकडे कायद्याची नजर वळली ती २०१६ मध्ये. केंद्राच्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांच्या यादीत स्टेडियम आणि क्रीडासंकुले नावानिशी घातली. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसे जमवायची असतील, तर तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हेही आयोजकाच्या गळ्यात आले. पुढच्याच वर्षी सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक नेरूळला आला, तेव्हा हे नियम लागू होते. स्टेडियमला मालक असतो, फाटक असते, सफाईचा ठेका असतो, त्यामुळे नियम बजावायला तिथे कुणीतरी सापडते.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, ग्लास, चमचे यांवर बंदी आली. पाण्याची बाटली मात्र वाचली. तिच्यावर एक-दोन रुपयांची परतावा किंमत छापायची आणि रिकामी बाटली परत घ्यायची, अशी अट होती. संपूर्ण अधिसूचनेतले हे सर्वांत शहाणपणाचे कलम, पण ते रुजलेच नाही. बाटली परत घ्यायला समोर कुणी बसलेलेच नव्हते. बंदी घातलेल्या वस्तू मात्र वेश पालटून परतल्या. थर्माकोलच्या जागी आतून प्लास्टिकचा लेप असलेले कागदी कप आणि ताटल्या आल्या. जुलै २०२२ मध्ये राज्याला त्यांवरही बंदी घालावी लागली.

या काळात शहराचे नाव झाले. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ला आठव्या क्रमांकावर असलेली नवी मुंबई २०२० मध्ये तिसरी आली आणि २०२५ मध्ये इंदूर-सुरतसोबत ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये बसली. ओला-सुका वेगळा करायची सवय घराघरांत लागली, कारण घंटागाडी दारात येते. सेक्टरातल्या मोकळ्या मैदानाला असे दार नाही. शनिवार-रविवारी टेनिस क्रिकेटची स्पर्धा भरते, मंडप उभा राहतो, पाण्याचे बॉक्स फुटतात, चषकाचे फ्लेक्स झळकतात. बक्षीस समारंभ आटोपला की आयोजक घरी जातात आणि कचरा बेवारस होतो. पावसाळ्यात तो नाल्यातून पावसाचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावात आणि तिथून ठाणे खाडीत पोचतो. हीच खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही.

खरे तर बाटली हा मैदानावरचा सर्वांत किमती कचरा. ती पेट नावाच्या प्लास्टिकची असते, झाकण वेगळ्या प्लास्टिकचे. चुरा करून पाण्यात टाकला की पेट बुडते, झाकण तरंगते आणि दोन्ही वेगळी होतात. पण उरलेल्या जेवणात, रश्श्यात लडबडलेल्या बाटलीचा भाव पडतो. त्यामुळे ती वेगळी काढायची ती मैदानावरच. कचऱ्याच्या गाडीत एकदा दाबली गेली की उशीर झाला. फ्लेक्सला तर भंगारातही मान नाही. कापडावर पीव्हीसीचा थर असल्याने त्याचे पुनर्चक्रीकरण अवघड. जाळ्या लावलेल्या टर्फांचे हिरवे गवतही प्लास्टिकचेच. कृत्रिम मैदानांत भरतात त्या बारीक प्लास्टिक दाण्यांवर युरोपीय संघाने २०२३ मध्ये आठ वर्षांची मुदत देऊन बंदी आणली. आपल्याकडे त्या विषयाची फारशी चर्चा होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये त्याच नेरूळच्या स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. प्रेक्षकांच्या मनगटांवर लुकलुकणारे पट्टे जाताना परत करायचे होते, आणि कोणत्या शहराने किती टक्के परत केले याचा फलकच हा बँड मिरवतो. जर्मनीतल्या अनेक फुटबॉल मैदानांवर ग्लासासाठी अनामत घेतात. ग्लास आणून दिला की पैसे परत. वस्तू परत येण्यासाठी दोनच गोष्टी लागतात, परत करण्याचे कारण आणि परत घेणारा माणूस. २०१८ च्या कलमाने पहिली दिली, दुसरी प्रत्यक्षात आलीच नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी याच स्टेडियममध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. आता सेक्टरा-सेक्टरातल्या मैदानांवर खेळायला येणाऱ्या मुली वाढतील, स्पर्धाही वाढतील. मैदानाची परवानगी देताना पालिकेच्या विभाग कार्यालयाने अनामत घ्यावी आणि बाटल्या वेगळ्या करून दिल्यावरच ती परत करावी. मैदानावर पिण्याच्या पाण्याचा नळ द्यावा, निदान आयोजकांना जार ठेवण्याची सक्ती करावी. आणि वेगळ्या केलेल्या बाटल्या उचलण्याचे काम कचरावेचकांच्या बचतगटाला मोबदल्यासह द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. आयोजकाची जबाबदारी २०१६ पासून लिहिलेलीच आहे.